मांदेच्या घरातून निघालेली पहिली वरात

पोद्लुकाच्या लोकांना फादर बार्तुल यांच्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक म्हणजे, हा माणूस मूळचा डोंगरातला. बेटावर इतकी वर्षं काढूनही फेरीबोटीत पाय ठेवला की यांचा चेहरा पांढराफटक पडतो. आणि दुसरी, लग्न लावून घ्यावं तर यांच्याकडूनच.

त्यांच्या हातून लागलेलं लग्न टिकतं असा बेटावर समज होता. फादरना स्वतःला त्यात फारसं तथ्य वाटत नसे, पण लोकांनी तो समज करून घेतला याचं बरं वाटायचं. एरवी रविवारच्या मिस्साच्या उपासनेला निम्मं चर्च रिकामं असे आणि उरलेलं निम्मं पेंगत असे. लग्नाला मात्र माणसं दारापर्यंत उभी राहत. झेंडा नाचवत पुढे येणारा नवऱ्याचा मित्र, प्रत्येकाच्या छातीला रिबिनीत बांधलेली रोझमेरीची डहाळी, मागून भोंगे वाजवत येणाऱ्या गाड्या, या सगळ्या गोंधळाच्या टोकाला वेदीपाशी शांत उभं राहायचं काम आपल्याला मिळालंय याची त्यांना दर वेळी गंमत वाटे.

किती तऱ्हा पाहिल्या होत्या त्यांनी. एका नवऱ्यामुलाच्या हातातून अंगठी निसटली, घरंगळत जाऊन जमिनीतल्या लोखंडी जाळीखाली पडली, आणि सगळं वऱ्हाड गुडघ्यांवर येऊन ती शोधत बसलं. नवरीची आजी म्हणाली, इतकी माणसं इथे गुडघ्यांवर आलेली मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. एक नवरी होडीतून वाजतगाजत आली आणि उतरल्या उतरल्या धक्क्यावरच तिला ओकारी झाली. फादर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले, म्हणाले, काळजी करू नकोस, आपण दोघं एकाच जातीचे. देशात लढाई पेटली त्या पहिल्या शरद ऋतूत एक सैनिक तासाभराची सुट्टी काढून आला होता. बुटांना चिखल, दाढी वाढलेली. मागे ना झेंडा, ना गाणं. त्याचं लग्न लावताना फादरनी आशीर्वाद दोनदा दिला, कारण हा पोरगा परत येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. तो आला. दर ऑगस्टमध्ये त्याच्या घरून फादरना अंजिरांची टोपली येई आणि फादर ती टोपली आधी वेदीपुढे ठेवत, मगच त्यातलं पहिलं अंजीर तोंडात टाकत.

प्रवचन मात्र एकच होतं. संसार म्हणजे होडी, नवरा-बायको म्हणजे दोन वल्ही, एकच वल्हं मारलं तर होडी जागच्या जागी फिरते. वर्षानुवर्षं हेच. चर्चची झाडलोट करणारी, फादरचं जेवणखाण बघणारी तोन्का एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, "फादर, तुम्ही वल्हं कधी हातात तरी धरलंय का?"

"नाही," फादर म्हणाले.

"आणि संसार?"

"तोही नाही."

"मग बरोबर आहे," तोन्का म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं.

फादरच्या गावाचं नाव द्राचेवो. किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराच्या मागे डोंगर चढून गेलं की दगडांचा मुलूख लागतो. शेतापेक्षा शेताभोवतीचे दगडी बांधच जास्त. तिथे त्यांची आई मांदे एकटी राहायची. बार्तुल नऊ वर्षांचा असताना बाप, पाश्को, जर्मनीत बांधकामावर पडला आणि पेटीतून घरी आला. त्या दिवशी मांदेनं काळे कपडे घातले, डोक्याला काळा रुमाल बांधला, आणि तिकडच्या विधवा करतात तसं, ते पुन्हा उतरवलं नाही. एकुलता एक मुलगा पाद्री व्हायला सेमिनरीत जायचं म्हणाला तेव्हा ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. उरलेले दाणे टाकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, की थंडीसाठी तिथे पांघरूण देतात का.

मुलगा बेटावर नेमला गेला तेव्हापासून महिन्यातून दोनदा ती सकाळची बस धरून स्प्लिटला उतरे आणि तिथून फेरीबोटीने पोद्लुकाला येई. हातात पिशवी. पिशवीत वाऱ्यावर सुकवलेलं डुकराचं मांस, कागदात गुंडाळलेली अंडी, घेवडा. फादरनी कितीदा सांगितलं की इथे सगळं मिळतं. ती म्हणे, मिळत असेल.

अशाच एका वसंतातल्या दुपारी ती आली तेव्हा पिशवी तिच्या हातात नव्हती. ती एका उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात होती. फादरनी त्याला ओळखलं. हा येर्को, डोंगरातून स्प्लिटला जाणारी बस आयुष्यभर चालवलेला ड्रायव्हर. आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरामागे मधमाश्या पाळून होता. आईला मदत म्हणून आला असेल, असं समजून फादरनी त्यालाही जेवायला बसवलं. तोन्काने खारवलेल्या सार्डिन आणि बटाटे घातलेली पालेभाजी वाढली.

दोन घास खाऊन मांदे म्हणाली, "बार्तुल, आम्ही लग्न करायचं म्हणतोय. तू लावून दे."

फादरचा काटा हवेतच राहिला. तोन्का वाइनचा चंबू टेबलावर ठेवून जायची, ती तिथेच उभी राहिली. येर्को आपल्या ताटाकडे असा बघत होता, जणू सार्डिनच आता काहीतरी बोलणार होत्या.

"आई, जेवून घेऊ आधी," फादर म्हणाले.

जेवण झाल्यावर येर्को तोन्काबरोबर चर्चच्या मागे मधमाश्या कुठल्या फुलांवर येतात ते बघायला गेला. मायलेक अंजिराच्या झाडाखाली बाकावर बसले. फादरनी मनात वाक्यं जुळवली होती. लग्नाला आपली ना नाही, असं ते म्हणाले. पण सगळं शांतपणे करावं. इथेच, बेटावर, एखाद्या मंगळवारी सकाळी. तोन्का आणि आणखी एक जण साक्षीला. द्राचेवोला कळवायची घाई नको.

मांदेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी काय कुणाचं कोंबडं चोरलंय?"

"तसं नाही, आई. चाळीस वर्षं तू काळं घालतेस. लोक काय म्हणतील?"

"चाळीस वर्षं लोक म्हणत होते, बिचारी मांदे. आता दुसरं काहीतरी म्हणू दे. त्यांनाही तेवढाच बदल."

मग ती आवाज न चढवता पुढे बोलली. पाश्कोसाठी घातलं ते काळं मनापासून घातलं, त्यात खोट नव्हती. अजूनही ती पाश्कोशी रोज बोलते. "पण तो उत्तर देत नाही रे. येर्को देतो. बहुतेक वेळा चुकीचं देतो, पण देतो."

"कधीपासून आहे हे?" फादरनी विचारलं, आणि आपण एखाद्या पोरीच्या बापासारखं विचारतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तू इथे आलास तेव्हापासून मी त्याच्या बसमध्ये बसतेय. पहिली दहा वर्षं तो नमस्कार म्हणायचा आणि मी नमस्कार म्हणायचे. मग तो निवृत्त झाला, तर स्वतःची गाडी घेऊन फाट्यावर उभा राहायला लागला. म्हणे, नवीन ड्रायव्हर वळणं नीट घेत नाही, तुझी अंडी फुटतील." तिने रुमालाची गाठ सारखी केली. "तू सेमिनरीत गेलास त्या दिवशी मला कळलं, या घरातून वरात निघणार नाही. मी रडले नाही. देवाला दिलं ते दिलं. पण आता देवानेच काढायची म्हटली, तर मी ती मागच्या दाराने काढू?"

ती दोघं दुपारच्या बोटीने परत गेली. फादर धक्क्यावर उभे राहून हात हलवत राहिले. परत आले तर तोन्का दारातच.

"मागच्या शनिवारी तुम्ही त्या पोरांना सांगितलंत, प्रेमाला लाजायचं कारण नाही," ती म्हणाली. "ते पंचविशीच्या आतल्यांसाठीच होतं का? तसं असेल तर पुढच्या वेळी स्पष्ट सांगत चला, आमचाही गैरसमज नको."

फादर चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसले, जिथे एरवी पेंगणारे बसतात. लोकांचा विचार करून बघितला. द्राचेवोतली माणसं हसतील, आठवडाभर बोलतील, मग कुणाची तरी गाय विहिरीत पडेल आणि विषय बदलेल. त्या हसण्याला आपण खरंच भीत नाही, हे त्यांना लवकरच उमगलं. मग छातीत टोचतंय ते काय? बराच वेळ बसल्यावर ते सापडलं, आणि सापडल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, मग हसूही आलं. जगात एक घर होतं, त्या घराच्या खिडकीत काळ्या रुमालातली एक बाई होती, आणि ती फक्त त्यांची वाट बघत होती. पन्नाशीला आलेला, शेकडो लग्नं लावलेला हा पाद्री नऊ वर्षांच्या पोरासारखा रुसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावच्या शेजारणीच्या घरी फोन करून आईला बोलावून घेतलं. "कुठला रविवार धरलाय?" त्यांनी विचारलं.

"द्राक्षं उतरवून झाली की," मांदे म्हणाली. जणू त्याचीच वाट बघत होती.

द्राचेवोचा पाद्री तरुण होता. आपल्या चर्चमध्ये फादरनी लग्न लावायला त्याने आनंदाने परवानगी दिली, आणि लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून जे ठरलेले प्रश्न विचारायचे असतात ते आपणच विचारू म्हणाला. मांदेला ते पटलं नाही. त्या पोरासमोर मी काय बोलू, बार्तुलच विचारेल, म्हणाली. मग एका शनिवारी फादर गावी गेले आणि जिथे लहानपणी अभ्यास केला त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आईसमोर बसले.

कुणी जबरदस्ती करतंय का, हे विचारलं. तिने येर्कोच्या वाकलेल्या खांद्यांची नक्कल करून दाखवली. जन्मभराचं बंधन आहे हे माहीत आहे का, विचारलं. तेवढं राहिलंय तरी किती, म्हणाली. होणाऱ्या नवऱ्यापासून काही लपवलंय का, या प्रश्नावर मात्र ती विचारात पडली.

"मी घोरते," ती शेवटी म्हणाली. "ते सांगावं लागेल का?"

"त्यांना कळेल, आई."

"मग राहू दे."

येर्कोला त्यांनी अंगणात गाठलं. त्याने सगळ्या प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर दिलं, बसमधून उतरणाऱ्या माणसाला थांबा सांगावा तसं. उठताना मात्र म्हणाला, "फादर, तुम्ही बेटावर होतात म्हणून ती बसमध्ये बसायची. तुम्हाला जवळचं चर्च मिळालं असतं तर मी तिला ओळखलंही नसतं." आणि टोपी डोक्यावर ठेवून मधमाश्यांकडे निघून गेला.

लग्नाच्या दिवशी फादरच्या लक्षात आलं की एक अडचण कुणीच ध्यानात घेतली नव्हती. डोंगरातल्या रीतीप्रमाणे नवऱ्याकडची मंडळी नवरीच्या दाराशी येतात तेव्हा घरातला पुरुष दार अडवतो, घासाघीस करतो आणि मगच नवरी देतो. मांदेच्या घरात पुरुष एकच होता, आणि त्यालाच पुढे चर्चमध्ये लग्न लावायचं होतं.

तर फादर बार्तुल काळ्या झग्यात, छातीवर रोझमेरी लावून उंबऱ्यात उभे राहिले. येर्कोकडची माणसं झेंडा घेऊन, गात, दगडी बांधांमधल्या वाटेने वर आली. रीतीप्रमाणे आधी खोटी नवरी बाहेर आणली गेली. शेजारचा म्हातारा ल्यूबो, अंगात परकर, डोक्यावर पडद्याचं कापड, आणि त्याखालून बाहेर आलेल्या भरघोस मिशा. येर्को त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "चालेल, पण ही दारू पिते असं ऐकलंय." अंगणात हशा पिकला.

मग फादरची पाळी. या दारात साधारण एक मेंढा, नाहीतर रकी दारूचा बुधला मागायची पद्धत. लोक वाट बघत होते की पाद्री काय मागतो.

"हिवाळ्यात लाकडं तुम्ही फोडायची," फादर म्हणाले. "माझी आई चाळीस वर्षं स्वतः फोडतेय."

येर्कोने टोपी काढली. "मी मागच्या हिवाळ्यातही म्हटलं होतं," तो म्हणाला. "ती कुऱ्हाड देत नाही."

"आता देईन," आतून आवाज आला, आणि मांदे बाहेर आली.

क्षणभर फादरनी तिला ओळखलंच नाही. तिने गडद निळा पोशाख घातला होता, पण त्यामुळे नाही. डोक्याला रुमाल नव्हता. आईचे केस त्यांना आठवत होते ते काळे, जाड वेणीत पाठीवर सोडलेले, बापाच्या वेळचे. त्यानंतर त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते. ते सगळे पांढरे झाले होते, आणि कुणाच्या नजरेस न पडताच झाले होते. ऑक्टोबरच्या उन्हात ते चमकत होते. फादर उंबऱ्यातून बाजूला झाले. तिने जाता जाता त्यांच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "पळ आता. तुला माझ्याआधी पोचायचंय."

पाद्री मागच्या पायवाटेने, झगा गुडघ्यांपर्यंत उचलून, चर्चकडे धावला. द्राचेवोतले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

चर्च भरलं होतं. जे हसायला आले असतील ते हसून मोकळे झाले होते. होडी आणि वल्ह्यांचं प्रवचन फादरच्या जिभेवर आलंच नाही. या दगडांच्या मुलुखात ते शोभलंही नसतं. ते म्हणाले, माझ्या आईने मला सेमिनरीत जाऊ दिलं तेव्हा तिने काही मागितलं नाही, फक्त पांघरुणाचं विचारलं. दर पंधरा दिवसांनी ती बसमध्ये बसली. मी समजत होतो ती मला द्यायला येते. देवाने ठरवलं होतं की वाटेत तिलाही काहीतरी द्यायचं. मी त्यासाठी देवाचे आभार मानतो, आणि बस वेळेवर चालवल्याबद्दल येर्कोचे. प्रवचन तिथेच संपलं.

मग प्रश्न विचारायची वेळ झाली. विधीत नवरीला नावाने हाक मारावी लागते. हे वाक्य फादरनी आजवर न अडखळता उच्चारलं होतं. आता त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द निघेना. आयुष्यात त्यांनी आईला कधी नावाने हाक मारली नव्हती. ते नाव बापाचं होतं, शेजाऱ्यांचं होतं, पोस्टमनचं होतं. समोर निळ्या पोशाखातली एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती, अंमळ घाबरलेली, दोन्ही हातांनी रोझमेरीची डहाळी धरून. आई कधी घाबरते हेही त्यांना तोवर माहीत नव्हतं.

"मांदे," ते म्हणाले. "तू इथे स्वतःच्या मर्जीने..."

"स्वतःच्या मर्जीने," ती म्हणाली. "पुढचं विचार, बाळा."

चर्चभर हसू पसरलं आणि फादरनी पुढचा प्रश्न विचारला. मांदेनं येर्कोचा हात हातात घेतला आणि ठळक, सावकाश आवाजात म्हणाली, "मी, मांदे, तुला, येर्को, माझा पती म्हणून स्वीकारते. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि धडधाकट असताना, मरेपर्यंत मी तुझी साथ सोडणार नाही." या शब्दांची किंमत तिला ठाऊक होती, ते तिने एकदा पाळून दाखवले होते. फादरनी इतक्या वेळा हे शब्द ऐकले होते, पण ते म्हणणाऱ्याला पुढचं सगळं माहीत आहे, असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

जेवण मांदेच्या अंगणात झालं. लोखंडी झाकणाखाली निखाऱ्यांवर भाजलेलं कोकरू, बटाटे, नवी वाइन. तोन्का बेटावरून आली होती आणि कोकरात मीठ कमी आहे हे तिने तीन जणांना सांगितलं. येर्को फादरच्या शेजारी येऊन बसला. काहीतरी विचारायचं होतं, पण जमत नव्हतं.

"आता मी तुम्हाला काय म्हणू?" तो अखेर म्हणाला. "फादर म्हणावं तर तुम्ही माझ्या बायकोचा मुलगा. मुलगा म्हणावं तर पापं तुमच्यापुढे कबूल करायची."

"चर्चमध्ये फादर म्हणा," फादर म्हणाले. "इथे बार्तुल म्हणा. आणि अहोजाहो नको."

"बार्तुल," येर्को चव घेतल्यासारखा म्हणाला. "मग तूही मला येर्कोच म्हण. बाप तुला होता, चांगला होता. मी त्याला बसमधून ओळखत होतो."

ऊन कलायला लागलं तेव्हा अंगणातल्या म्हाताऱ्या उठल्या. डोंगरात एक नाच आहे, त्याला वाद्य लागत नाही आणि गाणंही नाही. माणसं हात धरून गोल करतात आणि फक्त पावलं आपटतात. त्यांनी मांदेला ओढलं. पहिल्या काही फेऱ्यांत तिचं पाऊल चुकत होतं, मग जमलं. येर्को शिरला, ल्यूबो परकरासकट शिरला. कुणीतरी फादरचा हात धरला. पाद्र्याने नाचावं का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, तोवर ते गोलात होते. दगडी अंगणावर पंधरा-वीस माणसांची पावलं एकदम पडत होती, दुसरा आवाज नव्हता. समोर, गोलाच्या पलीकडच्या बाजूला, त्यांची आई मान वर करून नाचत होती, आणि तिचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. फादर बार्तुलना आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पुढे मांदे आणि येर्को, मरण आडवं येईपर्यंत, सहा वर्षं एकत्र राहिले. भांडले, मध काढला, दर पंधरा दिवसांनी जोडीने बेटावर आले. आणि पोद्लुकात लग्नासाठी येणाऱ्या पोरापोरींच्या लक्षात येऊ लागलं की फादर आता 'स्वतःच्या मर्जीने आलात का' हा प्रश्न विचारून झाल्यावर थांबतात, आणि पुरेसा वेळ थांबतात, म्हणजे समोरच्याला खरोखर उत्तर द्यावं लागतं.